वाकायची जागा

आमच्या सरांनी दुर्गापूजेत देवीचं दर्शन कधी समोरून सुरू केलंय, असं मला आठवत नाही. अख्खं कोलकाता नवे कपडे घालून मांडवाच्या दारात रांग लावायचं आणि आमचे सर मांडवाच्या पाठीमागे, जिथे रंगीत कापड संपतं आणि नुसते बांबू दिसतात तिथे, छत्रीच्या टोकाने काथ्याच्या गाठी टोचत फिरायचे. स्वयंसेवकांनी हटकलं की अस्सल बंगालीत गप्पा सुरू. ही गाठ कोणी मारली, तो कुठल्या गावचा, काथ्या ओला होता की कोरडा. थोड्या वेळाने तेच स्वयंसेवक आमच्यासाठी खुर्च्या आणायचे. दर षष्ठीला सगळ्या ऑफिसला अशा मांडवांच्या पाठी दाखवत न्यायचा त्यांचा रिवाजच होता. "बघ," ते मला म्हणायचे, "वारा आला की हा डुलतो, कुरकुरतो, पण बसत नाही. का? गाठ जरा सरकते. सरकू दिलंय तिला." मग आमच्या पायांचे तुकडे पडल्यावर ते एकदाचे देवीसमोर हात जोडायचे आणि तेवढ्यातही मान वर करून छत बघायचे.

सर पोलादी इमारतींचे इंजिनिअर. भूकंपात इमारत कशी वागेल, हा त्यांचा एकच विषय. दुसरा कुठलाही विषय काढा, फिरून फिरून तो तिथेच येऊन टेकायचा. त्यांचे आजोबा कधीतरी नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. सरांचा जन्म इथला, शिक्षण इथलं, मासे निवडायची पद्धतसुद्धा इथली. मराठी त्यांनी फक्त घरात ऐकलेली, त्यामुळे ती आजोबांच्या काळातच थांबली होती. ऑफिसला ते कचेरी म्हणायचे, कॉलमला खांब आणि बीमला तुळई. मी 'कॉलम-बीम' म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. मी सांगायचे, सर, आता पुण्यातसुद्धा कोणी तुळई म्हणत नाही हो. त्यावर ते म्हणायचे, मग पुण्याचं अवघडच आहे.

माझ्या नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली, तेव्हा मी इंजिनिअरिंगची पदवी आणि दोन लहान मुलं घेऊन इकडे आले. मुलं जरा मोठी झाल्यावर सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसांचे उंबरठे झिजवले. सगळीकडे गोड हसून एकच प्रश्न: मधली इतकी वर्षं काय करत होतात? काय करत होते म्हणजे? झोपा काढत होते! पण तसं म्हणता येत नाही. शेवटी संक्रांतीच्या हळदीकुंकवात सरांच्या बायकोशी, म्हणजे काकूंशी, ओळख झाली. माझी रडकथा ऐकून त्या म्हणाल्या, आमच्या ह्यांना भेट, ते वेडे आहेत, पण मनाने चांगले आहेत.

सरांची कचेरी सॉल्ट लेकमध्ये एका घराच्या पहिल्या मजल्यावर होती. मधल्या वर्षांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. टेबलावर एक खडू ठेवला, एक तारेचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, दोन्ही मोड. खडू कट्कन मोडला. तार वाकली. त्यांनी विचारलं, यातल्या कोणत्या घरात राहशील? मी म्हटलं, तारेच्या. का? म्हटलं, मोडायच्या आधी कळवते तरी. त्यांनी खडूचे दोन्ही तुकडे खिशात घातले आणि म्हणाले, उद्यापासून ये. घरी येईपर्यंत मला समजेना की मला नोकरी लागलीय की माझी थट्टा झालीय. आज वाटतं, त्या दिवशी त्या वेड्या माणसाने मला दार उघडलं नसतं, तर मी आयुष्यभर बदलीच्या गावी पडदे शिवत बसले असते.

त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे जीव मुठीत धरून जायचं. आमच्या ड्राफ्ट्समनच्या लग्नाच्या जेवणात त्यांनी छताची एक चौकट छत्रीने उचलून वर काय आहे ते पाहिलं. आतली धूळ नवरदेवाच्या मामांच्या ताटात, अगदी माशावर पडली. मामा लाल झाले. सर त्यांना म्हणाले, मासा गेला तर दुसरा येईल, पण वरचा जोड फारच कच्चा आहे, तुम्ही आपले इकडे सरकून बसा. आणि मामा सरकून बसले! दुपारी चारला सरांना मुरी लागायची. मुरी म्हणजे आपले चुरमुरेच, वर कच्चं मोहरीचं तेल आणि हिरवी मिरची. ती खाताना ते कोणाशी बोलायचे नाहीत. कामाचं कौतुक म्हणाल तर एकच शब्द, 'चालेल'. तो ऐकायला माणसं वर्षभर थांबायची.

कुठेतरी लांब डोंगरात जमीन हलली की आमच्याकडे पंखे डुलायचे. इथे खाली सगळा गाळ. आपण खिरीवर बसलोय, असं सर म्हणायचे. आम्हाला त्यांनी आधी टेबलाखाली जायचं शिकवलं होतं. स्वतः मात्र खोलीच्या मधोमध उभे राहून पंख्याकडे टक लावून बघत राहायचे. काकूंना हे कोणीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी कचेरीत येऊन सगळ्यांदेखत त्यांची अशी काही हजेरी घेतली की पुढच्या हादऱ्याला सर सगळ्यांत आधी टेबलाखाली होते.

त्यांचं आवडतं वाक्य होतं, "वाकायची जागा आपण ठरवायची, नाहीतर ती भूकंप ठरवतो." हे ते संसारालाही लावायचे. एकदा घरी भांडून, डोळे सुजवून मी कामाला आले. त्यांनी काही विचारलं नाही. एक तार घेतली, एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहिले, तुटली तेव्हा माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, दरवेळी एकानेच वाकायचं असेल तर हे असं होतं, जावईबापूंना सांग. मी ते दोन तुकडे खरंच घरी नेले. नवरा म्हणाला, तुझे सर सरकलेले आहेत. पण त्या आठवड्यात मुलांना शाळेत त्याने सोडलं.

आता त्या रुग्णालयाची गोष्ट सांगते, कारण सर म्हटलं की मला पहिल्यांदा तेच आठवतं.

न्यू टाउनमध्ये एका ट्रस्टचं लहान मुलांचं रुग्णालय उभं राहत होतं. सहा मजले, सांगाडा सगळा पोलादाचा. सरांचा त्या कामावर फार जीव. म्हणायचे, भूकंपाच्या दिवशी शाळेला निदान सुट्टी असू शकते, रुग्णालयाला सुट्टी नसते. ती साइट त्यांनी पूर्णपणे माझ्यावर सोपवली होती. माझं पहिलं मोठं काम.

त्या इमारतीत एक गोष्ट सरांनी मुद्दाम केली होती. प्रत्येक तुळईच्या टोकाजवळ, खांबापासून वीतभर अलीकडे, तिच्या वरच्या आणि खालच्या आडव्या भागाच्या दोन्ही कडा गोलाईत कापून ती जागा बारीक केलेली. आम्ही त्याला कंबर म्हणायचो. हेतू साधा. जोराचा भूकंप आला, तर सगळा ताण त्या बारीक जागी यावा, तुळई तिथे वाकावी, वाकता वाकता हादरा पचवावा आणि खांब व खांबाजवळचं वेल्डिंग शाबूत राहावं. तुळई वाकली तर एक मजला खराब होतो. खांब गेला तर वरचं सगळं खाली येतं.

पूजेच्या आधी उद्घाटन करायचं घाटत होतं. भाद्रपदातल्या एका सकाळी मी शिडीने तिसऱ्या मजल्यावर चढले आणि वर बघते तर तुळयांना कंबरच नाही! प्रत्येक कापलेल्या जागी पोलादी पट्टी वेल्डिंगने बसवलेली, घासून गुळगुळीत केलेली, वर रंगसुद्धा. चौथ्या मजल्यावरही तेच. वेल्डिंगचा सुपरवायझर मोठ्या अभिमानाने पुढे आला. म्हणाला, मॅडम, वर्कशॉपवाल्यांनी सगळ्या तुळया चुकीच्या कापल्या होत्या. बिचाऱ्यांच्या नोकऱ्या जातील म्हणून कोणाला न सांगता मी आणि माझ्या माणसांनी नीट करून घेतल्या. इतक्या प्रेमाने केलेली चूक मी त्याआधी पाहिली नव्हती.

कंत्राटदाराचा मॅनेजर धावत आला. आधी म्हणाला, पोलाद वाढलंय, कमी तर झालं नाही, बिघडलं काय? मी काम थांबवलं तेव्हा त्याचा सूर बदलला. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की पट्ट्या लावायला मॅडमनीच फोनवर परवानगी दिली होती. फोन मी केला होता, पण जिन्याच्या कठड्याबद्दल. पट्ट्यांचा विषयसुद्धा निघाला नव्हता. पण साक्षीला कोण? त्याचा शब्द आणि माझा शब्द. तो वीस वर्षं या धंद्यात, मी काल आलेली. मी सरांना फोनवर सगळं सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. घरी जाताना ऑटोत मला रडू फुटलं. इतक्या दारांवरून परत आल्यावर मिळालेलं काम हातचं जाणार, आणि जाताना खोटारडी हा शिक्का घेऊन जाणार, हे मला दिसत होतं.

दोन दिवसांनी ट्रस्टच्या कार्यालयात बैठक झाली. मॅनेजरने फोनची गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. ट्रस्टचे सचिव सरांना म्हणाले, आधी या बाईंना या कामावरून बाजूला करा, मग पुढचं बोलू. मी उठून 'मी असं सांगितलंच नाही' म्हणणार, तेवढ्यात सरांनी माझ्याकडे न बघता हाताने थांब अशी खूण केली.

"तिने सांगितलं असेल, तर ते आमच्या कचेरीने सांगितलं," ते म्हणाले. "नकाशावर सही माझी आहे. आणि ही कंबर मुद्दाम कापलीय, असं मी त्यावर ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. दोष द्यायचा तो मला द्या. पट्ट्या मात्र काढाव्या लागतील."

माझी नोकरी तिथल्या तिथे वाचली. पण 'सांगितलं असेल तर' हे शब्द काट्यासारखे रुतले. असेल तर म्हणजे काय? मी नव्हतं सांगितलं!

ट्रस्टच्या अध्यक्ष सत्तरीच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर होत्या. पांढरी साडी, बोलणं कमी. त्या म्हणाल्या, मी डॉक्टर आहे, मला पोलादातलं कळत नाही. जास्तीचं पोलाद वाईट का, ते मला दाखवा. नुसतं सांगू नका. सरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी सगळ्यांना शनिवारी हावड्याला, आपल्या एका जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये बोलावलं.

तिथे त्यांनी दोन नमुने करून घेतले होते. प्रत्येकात एक उभा खांब आणि त्याला जोडलेली एक आडवी तुळई. एकीला कंबर, दुसरीच्या कमरेवर साइटवर लावली होती तशीच पट्टी. दोन्ही नमुन्यांना चुना फासलेला. पोलाद आतून ताणलं गेलं की त्या जागचा चुना गळून पडतो, डोळ्यांना दिसतं, म्हणून. आदल्या दिवशी वर्कशॉपच्या मालकाने माझ्यादेखत सुचवलं होतं, की पट्टीवाल्या नमुन्याचं वेल्डिंग जरा कच्चं ठेवू, मस्त आवाज करून तुटेल, पाहुणे घाबरतील. मी सरांना चिडलेलं तेव्हाच एकदा पाहिलं. म्हणाले, मग मी इंजिनिअर कशाला झालो, जादूचे प्रयोग केले असते की. ते वेल्डिंग त्यांनी साइटवरच्या त्याच सुपरवायझरकडून करून घेतलं.

शनिवारी जॅक लावून पहिल्या तुळईचं टोक वर, खाली, वर, खाली ढकलायला सुरुवात झाली. हळूहळू कमरेवरचा चुना पापुद्र्यांनी गळू लागला. तुळई तिथे वाकली आणि वाकतच राहिली. मग पट्टीवाला नमुना. वर, खाली, वर, खाली. सगळे कानावर हात ठेवून आवाजाची वाट बघत होते. आवाज झालाच नाही. जॅकची ताकद संपली, पण जोड काही तुटला नाही.

मॅनेजर हसला. सचिवांनी घड्याळात पाहिलं. सर एका उलट्या पिंपावर बसले होते, हातात मुरीचा ठोंगा, म्हणजे कागदी पुडा. म्हणाले, "नाही तुटला. वेल्डिंग उत्तम आहे." आणि मुरी खायला लागले! मुरी खाताना हे गृहस्थ बोलत नाहीत हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते ठोंग्यात बघत होते. मला इतका राग आला त्यांचा! त्या रागातच मी वळून दुसऱ्या नमुन्याकडे नीट पाहिलं.

त्याच्या तुळईवरचा चुना जवळजवळ जसाच्या तसा होता. गळला होता तो खांबावरचा.

मी माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत, मध्ये हिंदी घालत, डॉक्टरबाईंना हाक मारली. म्हटलं, तुटला नाही हे खरं. पण चुना कुठे गळलाय ते बघा. पहिल्यात कमरेवर, खांबापासून लांब. दुसऱ्यात खांबावरच. पट्टीमुळे तुळई दणकट झाली, ती वाकेना, म्हणून सगळा ताण खांबाने घेतला. आज एकदा तुटला नाही. तिथे असे कितीतरी जोड आहेत आणि भूकंप एका झटक्यात थांबत नाही. बाई चष्मा लावून खाली उकिडव्या बसल्या. बोटाने खांबावरचा उघडा पडलेला भाग चाचपला. मला विचारलं, या खांबावर काय असतं? मी म्हटलं, वरचे सगळे मजले. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मग सचिवांना म्हणाल्या, उद्घाटन पुढे ढकला.

सुपरवायझर कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. सर त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की असं वेल्डिंग मी फार थोड्या लोकांचं पाहिलंय, आता तितक्याच प्रेमाने ते काढ. त्या वर्षी पूजेच्या दिवसांतही त्याची माणसं पट्ट्या काढत होती. ज्या तुळया काढताना दुखावल्या, त्या बदलल्या. रुग्णालय हिवाळ्यात सुरू झालं.

परतताना लाँचमध्ये मी सरांना विचारलं, चुन्याचं तुम्हाला दिसलं होतं? म्हणाले, केव्हाच. मग बोलला का नाहीत? "मी तर रोजच बोलतो," ते म्हणाले, "साइट तुझी आहे. त्यांनी तुझं ऐकायची सवय करायला नको?" मग ठोंग्यातली उरलीसुरली मुरी माझ्या तळहातावर ओतून म्हणाले, "चालेल." गंगेच्या वाऱ्यावर मी ती मुरी खाल्ली. इतकं चांगलं काही मी त्यानंतर खाल्लेलं नाही.

त्या इमारतीची परीक्षा अजून झालेली नाही, आणि कधी होऊ नये. आमच्या धंद्यात काम चांगलं झालं होतं की नाही हे कळायची वेळच येऊ नये, अशी प्रार्थना करावी लागते. दरम्यान सरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. सौम्य होता, पण उजवा हात गेला. कचेरी त्यांनी माझ्या हाती सोपवली आणि ते घरी बसले. ते डमडमला राहतात. विमानतळ जवळ, विमान गेलं की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि सर खूश होतात. रविवारी मी मेट्रोने त्यांच्याकडे जाते, आठवड्याचं काम सांगते, ते डाव्या हाताने नकाशावर रेघोट्या मारतात. माझी रोजीरोटी, चार लोकांत मान वर करून बोलायची हिंमत, सगळं या माणसाने दिलं. तरी तो एक काटा होताच. जगाचा विश्वास मिळाला, पण ज्याचा हवा होता त्याने तेव्हा मनात काय धरलं होतं, हे मला माहीत नव्हतं. विचारायची छाती होत नव्हती. त्यांनी 'वाटलं होतं बुवा' म्हटलं असतं तर?

गेल्या महिन्यात विचारलं. काकू समोर मटार सोलत होत्या. म्हटलं, "सर, त्या बैठकीत तुम्ही 'तिने सांगितलं असेल तर' म्हणालात. पण मी खरंच सांगितलं होतं का, ते मला कधी विचारलंच नाहीत."

झटक्यापासून त्यांचं बोलणं सावकाश झालंय. "तू कशाला सांगशील?" ते म्हणाले.

"मग असेल तर का म्हणालात?"

"अगं, तू नाही म्हणाली असतीस, तो हो म्हणाला असता. सगळी सकाळ तुझ्यावर गेली असती. आणि पट्ट्या राहिल्या असत्या."

काकूंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "अहो, मग हे तेव्हाच सांगायचं ना तिला! पोर इतकी वर्षं मनात घेऊन बसली."

सरांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर नुसता गोंधळ.

"विचारायचं मनातच आलं नाही," ते म्हणाले, "तर सांगायचं कुठून येणार?"

मला रडू आवरेना. काकूंनी मटारचं ताट बाजूला सारून मला जवळ घेतलं, आणि सर, आपलं नेमकं काय चुकलं ते न कळून, आम्हा दोघींकडे बघत राहिले.